पार्किंगमध्ये प्लग नसेल तर : गाडी आणि गॅरेजसाठी कॉर्डलेस ओला-सुका व्हॅक्यूम निवडताना

व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिराती बघायला घेण्याआधी एकदा खाली पार्किंगमध्ये उतरा आणि आपल्या गाडीपासून सर्वांत जवळचा प्लग पॉइंट किती लांब आहे ते बघा. तो पाच-सात मीटरवर असेल आणि वापरायला कुणाची आडकाठी नसेल, तर बॅटरीवरच्या यंत्राचा नाद सोडा. बंगल्याचा पोर्च, रो-हाउसचे गॅरेज, किंवा इलेक्ट्रिक गाडीसाठी स्वतःच्या मीटरवरून घेतलेला पॉइंट असेल तिथे वायरचा ओला-सुका व्हॅक्यूमच बरा. हजार-बाराशे वॅटची मोटर, दहा-पंधरा लिटरची टाकी आणि किंमत बॅटरीवाल्यापेक्षा बरीच कमी. २३० व्होल्टवर साधे ६ अँपिअरचे सॉकेट सुमारे १,३८० वॅट देते, म्हणजे बाराशे वॅटच्या यंत्राला गीझरचे मोठे सॉकेटही लागत नाही. एक्स्टेन्शनची वायर मात्र जाड घ्या आणि रिळावर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडून वापरा, नाहीतर आतल्या आत तापते.

कॉर्डलेस यंत्र ज्यांच्याजवळ प्लग नाही त्यांच्यासाठी. अपार्टमेंटच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये सोसायटीच्या मीटरवरच्या दोन ट्यूबलाइट आणि वॉचमनच्या टेबलाशी एक पॉइंट, त्यातही त्याचा मोबाइल लावलेला. चौथ्या मजल्यावरून वायर सोडता येत नाही. गाडी रस्त्यावर लावणाऱ्यांचे तर विचारूच नका. अशा माणसाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी : जास्तीचे पैसे आपण ताकदीचे मोजत नाही, गाडीपर्यंत पोहोचण्याचे मोजतो आहोत. ताकद कमीच मिळणार आहे. म्हणून दुकानात आधी बॅटरी बघायची आणि व्हॅक्यूम नंतर.

बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर, बॅटरीत साठलेली एकूण ऊर्जा. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर. या वर्गातले व्हॅक्यूम साधारण दीडशे ते अडीचशे वॅट खातात. मधला दोनशेचा आकडा धरला तर ९० वॉट-अवर कागदावर २७ मिनिटे पुरतात, हातात वीस-बावीस मिनिटे येतात. हाच हिशेब २ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा करा. ३६ वॉट-अवर, कागदावरच जेमतेम अकरा मिनिटे. एखाद्या हॅचबॅकच्या चारही बाजूंचे पायदान, सीटच्या खाचा आणि डिकी नीट करायची तर मोटर पंधरा-वीस मिनिटे चालतेच. स्वस्तात दिसणाऱ्या किटमध्ये बहुतेक वेळा हीच छोटी बॅटरी घातलेली असते आणि मागची दोन पायदाने राहून जातात. ४ अँपिअर-अवरच्या खाली जाऊ नका, ५ असेल तर उत्तम.

काही डब्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेले दिसते. ते १८पेक्षा सरस नाही. आत पाचच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले की १८ होतात आणि पूर्ण चार्ज झालेल्या क्षणी मोजले की वीसच्या घरात जातात. अमेरिकेत मोठा आकडा छापायची पद्धत आहे, एवढेच.

घरात कॉर्डलेस ड्रिल असेल तर निवड जवळपास झालीच. त्याच कंपनीचे, त्याच बॅटरीवर चालणारे ‘फक्त यंत्र’, म्हणजे बॅटरी-चार्जरशिवायचे, मागा. किमतीत मोठा फरक पडतो, कारण अशा संचात महाग भाग बॅटरीचाच असतो. पण कंपनी एक म्हणजे बॅटरी एक असे धरून चालू नका. बॉशची व्यावसायिकांसाठीची निळी अवजारे आणि घरगुती हिरवी अवजारे दोन्ही १८ व्होल्टची, तरी बॅटऱ्या एकमेकींत बसत नाहीत. मकिताची १८ व्होल्टची मालिका वेगळी, ४० व्होल्टची वेगळी. ब्लॅक अँड डेकर आणि डीवॉल्ट यांचा मालक एकच, बॅटरीची खाच मात्र निराळी. जुनी बॅटरी पिशवीत घालून दुकानात न्या आणि काउंटरवर बसवून बघा. ड्रिल नसेल, तर उलट्या बाजूने विचार करा : पुढे ड्रिल, ब्लोअर किंवा टायरमध्ये हवा भरायचा पंप घ्यायचा झाला तर हीच बॅटरी कशाकशाला चालेल? आणि त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का? नाशिक-कोल्हापूरच्या माणसाला प्रत्येक वेळी यंत्र कुरिअरने मुंबईला पाठवावे लागणार असेल, तर आकड्यांची तुलना करून उपयोग नाही. बॅटरीची वॉरंटी यंत्रापेक्षा वेगळी असू शकते, तीही वेगळी विचारून घ्या.

आता ताकदीचे आकडे. इथे बाजारात इतकी थापेबाजी चालते की एक साधी कसोटी हाताशी ठेवावी. खेच, म्हणजे सक्शन, पास्कलमध्ये मोजतात आणि आपल्याभोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १,०१,३२५ पास्कल असतो. व्हॅक्यूम क्लीनर हवा ओढत नाही, तो आत दाब कमी करतो आणि बाहेरची हवा आत ढकलली जाते. तेव्हा जगातल्या कुठल्याही व्हॅक्यूमची खेच बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्त असू शकत नाही, आत संपूर्ण निर्वात पोकळी केली तरीही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या हातातल्या छोट्या यंत्रांवर ‘१,२०,००० पास्कल’ असे छापलेले दिसले, तर विकणाऱ्याने भौतिकशास्त्राला रजेवर पाठवले आहे असे समजा. बॉशच्या १८ व्होल्ट, १० लिटरच्या व्यावसायिक यंत्राची खेच ९० मिलिबार, म्हणजे ९,००० पास्कल आहे. वायरची घरगुती ओली-सुकी यंत्रे सतरा ते वीस हजारांच्या आसपास जातात. खरे आकडे या पट्ट्यात असतात.

खेच एकटी पुरत नाही. ती यंत्राचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेली असते आणि पाणी वर चढवायला, गालिच्यात रुतलेले कण उपटायला ती लागते. सुटलेला कचरा नळीतून वाहून नेते ती हवेची धार आणि ती सेकंदाला किती लिटर यात मोजतात. वर सांगितलेल्या बॉशची २४ आहे. अमेरिकन यंत्रांवर घनफूट प्रतिमिनिट असते, त्या आकड्याला ०.४७ने गुणले की सेकंदाचे लिटर मिळतात. दोन्ही आकडे छापणारी कंपनी निदान प्रामाणिक आहे. फक्त वॅट छापणारीने वीज किती खाल्ली तेवढेच सांगितले आहे, काम किती केले ते नाही.

वॉट-अवरच्या कसोटीवर स्वस्त ‘वायरलेस कार व्हॅक्यूम’ही घासून बघा. आत दोन किंवा तीन सेल असतात. ११.१ व्होल्ट आणि २,००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे फक्त २२ वॉट-अवर. फरसाणाचा चुरा, डॅशबोर्डवरची धूळ, मुलांनी सांडलेले चुरमुरे एवढ्यापुरते ठीक. कार्पेटमधली वाळू त्याच्याने निघत नाही आणि पाण्याच्या वाटेला तर त्याने जाऊच नये. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारेही फार पुढे जात नाही. त्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॅटच्या वर काही ओढताच येत नाही.

आणखी एक गोंधळ नावाचा. ‘कॉर्डलेस वेट अँड ड्राय’ असे शोधले की उभ्या दांड्याची, खाली फिरता रोलर असलेली फरशी पुसायची यंत्रे समोर येतात. ती स्वतःच पाणी सोडतात आणि स्वतःच गोळा करतात. टाइल्सवर छान काम करतात, पण त्यांना नळी नसते. सीटखाली घुसत नाहीत आणि गॅरेजमधला भुसा, खिळे यांनी त्यांचा रोलर बिघडतो. आपल्याला हवे आहे ते टाकी, वर मोटरचे डोके आणि लवचिक नळी असलेले यंत्र.

टाकी सात ते दहा लिटरची पुरे. त्याहून मोठी घेतली तर लिफ्टमधून खाली-वर नेणे जिवावर येते. छापलेली क्षमता पाण्याची नसते हेही ध्यानात ठेवा. दहा लिटरच्या टाकीत पाणी सहा लिटरच मावते, कारण पाणी मोटरपर्यंत जाऊ नये म्हणून वर बसवलेल्या तरंगत्या चेंडूला जागा लागते. गाडीसाठी नळीची आतली रुंदी ३२-३५ मिलिमीटर बरी. सुतारकामाच्या दुकानातली जाड नळी सीटच्या कडेला वळत नाही. लांबी दोन मीटरच्या जवळपास असावी, म्हणजे यंत्र बाहेर ठेवून अर्धी गाडी होते. तोंडांमध्ये चपटे, लांब खाचेचे तोंड सगळ्यांत मोलाचे. गाडीतला बराचसा कचरा सीटच्या रुळांत आणि हँडब्रेकच्या दोन्ही बाजूंच्या फटींत असतो. जागाही अरुंद आणि तोंड अरुंद केल्याने हवेचा वेगही वाढतो. कंपनीने आखूड, कडक खाचेचे तोंड दिले असेल तर त्याच व्यासाचे रबरी, लांब तोंड वेगळे विकत मिळते का बघा. कुत्रा पाळणाऱ्यांनी मात्र फार आशा ठेवू नये. सीटच्या कापडात विणले गेलेले केस खेचेने निघत नाहीत. ओल्या रबरी हातमोज्याने ते एका दिशेने ओढून गोळा करावे लागतात, व्हॅक्यूम नंतर.

वाळूचेही तसेच. गुहागर-तारकर्लीहून किंवा गोव्याहून आल्यावर पायदानाखाली जी बारीक वाळू सापडते, ती कार्पेटच्या मुळाशी बसलेली असते. एका हाताने कार्पेट थोपटायचे किंवा कडक ब्रशने त्याचे तंतू उलटे करायचे आणि दुसऱ्या हाताने तोंड धरायचे, तेव्हा ती वर येते. चिखल दिसला की ओला मोड वापरावासा वाटतो. वापरू नका. कोकणातली तांबडी माती असो की मराठवाड्यातली काळी, ती पूर्ण वाळू द्या, हाताने ढेकळे काढा, उरलेली सुक्यात ओढा आणि मग डाग राहिला तरच पाणी. ओली माती ओढली तर नळीत लगदा बसतो.

मग ओल्या मोडचे खरे काम काय? पावसाळ्यात गाडीत शिरलेले पाणी. समोरच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी पन्हाळ असते तिच्यात पाने साचली की पाणी आत वळते. एसीचे पाणी बाहेर टाकणारी बारीक नळी तुंबली तर ते सोबत्याच्या पायाखाली उतरते. वरून कार्पेट फक्त दमट लागते, पण खालचा फोम किंवा नमदा स्पंजासारखा भरलेला असतो. दोन दिवसांत कुबट वास येतो, आठवड्यात बुरशी. अशा वेळी पायदान उचला, शक्य तिथे कार्पेटची कडा सोडवा, गुडघ्याने दाब देत तोंड अगदी हळू, एका सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, ओढत न्या. घाईने फिरवले की वरचेच पाणी येते. टाकी रिकामी करून पुन्हा, तिसऱ्यांदाही, पाणी येणे थांबेपर्यंत. नंतर दारे उघडी ठेवून पंखा किंवा ऊन. यंत्राला फुंकर मारायची सोय असेल, म्हणजे नळी मागच्या भोकाला लावता येत असेल, तर ती इथे उपयोगी पडते. वायपरखालची सुकी पाने उडवायलाही तीच. पाणी कुठून आले ते शोधले नाही तर पुढच्या सरीला हाच कार्यक्रम पुन्हा आहे.

पाणी ओढण्याआधी सुक्याचा घडीचा फिल्टर काढायचा आणि फोमचा बसवायचा, कंपनीने तसे सांगितले असेल तर. कागदी फिल्टर भिजला की लगेच गच्च होतो आणि तसाच ठेवला तर त्यालाच बुरशी येते. टाकी भरली की जाळीच्या पिंजऱ्यातला चेंडू वर चढून हवेची वाट बंद करतो आणि मोटरचा आवाज एकदम चढतो. आवाज बदलला की बंद करा. दुकानात एक बादली पाणी मागून हा चेंडू काम करतो का बघायला लाजू नका. फेसाला मात्र हा चेंडू फसतो. फेस हलका, तो चेंडूला उचलत नाही आणि त्याच्या बाजूने सरळ मोटरमध्ये जातो. सीट धुताना साबण चमचाभर, पाणी जास्त. सीट शॅम्पूसाठी पाणी फवारून लगेच ओढणारे यंत्र निराळे असते. ओला-सुका व्हॅक्यूम फक्त ओढतो, फवारणी तुम्हाला बाटलीने करावी लागते. जमते, वेळ लागतो.

बेसमेंटमध्ये साचलेले पाणी काढायला हे यंत्र घेत असाल तर थोडे गणित करा. एका गाडीची जागा साधारण १५ चौरस मीटर. तिथे एक इंच पाणी म्हणजे सुमारे ३७५ लिटर. सहा लिटरच्या खेपांनी साठाहून जास्त वेळा टाकी उपसायची. त्याला पंप लागतो. आणि पाणी सीटपर्यंत चढलेली गाडी असेल तर व्हॅक्यूमचा विचार नंतर. आधी किल्ली फिरवायची नाही, मेकॅनिकला बोलवायचे. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर स्वतः हातही घालायचा नाही.

गॅरेजमध्ये लाकडाचा भुसा, खिळे, सुकी पाने, कोळ्यांची जाळी हे कुठल्याही यंत्राला चालते. त्रास देते ती सिमेंटची आणि पीओपीची बारीक पूड. भिंतीला भोक पाडताना ड्रिलच्या टोकाखाली तोंड धरले की घर स्वच्छ राहते हे खरे, पण ती पूड काही मिनिटांत फिल्टरच्या घड्या बुजवते आणि खेच निम्मी होते. अशा कामाला टाकीत कापडी किंवा कागदी पिशवी बसते ते यंत्र घ्या. फिल्टर झटकायचा असेल तर उघड्यावर, तोंडाला मास्क लावून. सिमेंट-काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की परत येत नाही. आणि पूड टाकीत असताना चुकूनही पाणी ओढू नका. टाकीच्या तळाशी ती घट्ट बसते.

काही गोष्टी कधीच ओढायच्या नाहीत. पेट्रोल, थिनर, रंगाच्या ओल्या चिंध्या, गरम राख, विझली असे वाटणारा निखारा. मोटरमध्ये कार्बन ब्रश असतील तर आत सतत बारीक ठिणग्या उडतात आणि हवा त्यांच्या शेजारूनच जाते. ब्रशलेस मोटरमध्ये हा एक ठिणगीचा धोका कमी, तरी स्विच आणि बॅटरीचे टोक आहेतच. सीएनजीच्या गाडीत डिकी साफ करण्याआधी क्षणभर वास घ्या. गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो तो याचसाठी. वास आला तर यंत्र सुरू न करता डिकी उघडी ठेवा आणि गाडी तपासायला न्या.

परदेशातल्या भावाकडून, भाचीकडून यंत्र मागवायचा मोह बऱ्याच घरांत असतो. अमेरिकेतला चार्जर १२० व्होल्टचा असतो, तो इथल्या सॉकेटला लावला की जळतो. त्यावर ‘१००–२४०’ असे स्पष्ट लिहिले असेल तरच लावा. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, त्यापुढे १६०पर्यंत विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. म्हणजे १८ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी, ९० वॉट-अवर, सहज येते आणि ६ची, १०८ वॉट-अवर, परवानगीशिवाय अडते. वॉरंटी इथे बहुधा लागू होत नाही. इथे चालणारी बॅटरी नि चार्जर घरात आधीपासून असेल आणि तिकडून फक्त यंत्र आणायचे असेल, तरच हा व्यवहार जमतो.

बॅटरी जपायची युक्ती एकच, तिला उष्णतेपासून लांब ठेवणे. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होते. व्हॅक्यूम डिकीत राहिला तर चालेल, बॅटरी घरात न्या. काम संपल्यावर ती गरम असताना चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर अर्ध्या चार्जवर ठेवा. पाण्याचे काम झाल्यावर टाकी धुऊन उघडी ठेवा, फिल्टर काढूनच, आणि यंत्र एखाद मिनिट रिकामे चालवा म्हणजे आतला दमटपणा बाहेर पडतो. जुन्या बॅटरीला कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवीन घेताना दुकानदाराला ती जुनी कुठे द्यायची ते विचारा, आणि सुट्या फिल्टरची किंमतही त्याच वेळी बिलाआधी विचारून घ्या.